हेडलाइट समायोजन

मोटारीच्या पुढील दिव्यांचा झोत रस्त्यावर योग्य उंचीवर व योग्य दिशेला पडावा, यासाठी दिव्यातील परावर्तकाचा किंवा भिंगाचा कल स्क्रू फिरवून बदलण्याची क्रिया. गॅरेजमध्ये तिला ‘फोकस सेट करणे’ म्हणतात. रात्री चालकाला किती लांबचे दिसेल आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील की नाही, या दोन्ही गोष्टी दिव्याच्या तेजापेक्षा या कलावर अधिक अवलंबून असतात. तरीही उजेड कमी वाटला की जास्त वॅटचा बल्ब बसवण्याकडेच ओढा असतो आणि कल तपासायचा राहून जातो.

लो बीमच्या, म्हणजे डिपरच्या झोताला वरच्या बाजूस ठळक प्रकाशसीमा असते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्यामुळे ही सीमा उजवीकडे आडवी राहते आणि डावीकडे साधारणपणे १५ अंशांनी वर चढते. त्यामुळे समोरच्या चालकाला त्रास न होता डाव्या कडेचे पादचारी आणि सायकलस्वार लांबून दिसतात. जर्मनी, फ्रान्स यांसारख्या उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांत चढ उजवीकडे असतो.

कल टक्क्यांत सांगतात. दिव्याच्या आवरणावर अनेकदा १% किंवा १.२% असा आकडा छापलेला आढळतो. १% म्हणजे प्रकाशसीमा दर मीटरला १ सेंमी. खाली उतरते. दिवा जमिनीपासून ६५ सेंमी. उंचीवर असेल, तर अशी सीमा ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. कल १.५% झाला, तर हेच अंतर सुमारे ४३ मीटरवर येते आणि ताशी ८० किमी. वेगाने ते दोन सेकंदांच्या आतच संपते. उलट बाजूची चूक दुसऱ्याला भोवते. डिक्कीत सामान आणि मागे तिघे बसल्याने मोटारीची मागची बाजू पुढच्यापेक्षा ५ सेंमी. अधिक दबली आणि चाकांमधले अंतर २.५ मीटर असले, तर गाडी २% वर तोंड करते. मग सीमा उतरण्याऐवजी १% चढते आणि ५० मीटरवर ११५ सेंमी. उंचीवर, म्हणजे समोरच्या मोटारचालकाच्या डोळ्यांच्या आसपास पोहोचते. यासाठीच अनेक मोटारींत स्टिअरिंगजवळ झोत खाली उतरवणारी ० ते ३ आकड्यांची चकती असते. एकटा चालक असताना ० आणि भार वाढेल तसा वरचा आकडा ठेवायचा असतो, पण ही चकती वर्षानुवर्षे न हलवणारे चालक पुष्कळ आहेत.

भिंतीवरची तपासणी साध्या साधनांनी करता येते. टायरमधील हवा बरोबर करून, चालकाच्या जागी कोणीतरी बसवून आणि चकती ० वर ठेवून गाडी सपाट जागेवर भिंतीला भिडवतात. दोन्ही दिव्यांच्या मध्यबिंदूंची उंची व त्यांच्या उभ्या रेषा भिंतीवर आखून घेतात. मग गाडी सरळ ५ मीटर मागे घेऊन, स्प्रिंग मूळ जागी बसाव्यात म्हणून ती हाताने दाबून हलवतात. १% कलासाठी सीमेची आडवी बाजू मध्यबिंदूच्या रेषेखाली ५ सेंमी. आणि चढ सुरू होणारा कोपरा उभ्या रेषेवर यायला हवा. एकावेळी एकच दिवा पाहणे आवश्यक आहे, कारण दोन्ही झोत मिसळले की कोपरा ओळखता येत नाही. एक स्क्रू उंची बदलतो, दुसरा दिशा. एकाच परावर्तकातून डिपर आणि अप्पर (हाय बीम) हे दोन्ही झोत देणाऱ्या एच४ बल्बच्या दिव्यात डिपर जुळला की अप्परही आपोआप जुळतो.

हॅलोजन बल्बसाठी घडवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब घातल्यास मात्र स्क्रू फिरवून भागत नाही. परावर्तकाचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. प्रकाशाचा उगम किंचित जरी सरकला, तरी सीमाच विस्कटते. बल्ब खाचेत वाकडा बसला असतानाही असेच होते, म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी बल्ब पाहावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटर पुढे, ०.५ मीटर उजवीकडे आणि १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीचे डोळे दिपू नयेत, इतका झोत कायम खाली वळलेला असला पाहिजे. बंपरला धक्का बसल्यावर, स्प्रिंग किंवा बल्ब बदलल्यावर ही तपासणी पुन्हा करावी लागते.