एकच टेकडी, तीन प्रकाश

पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या माथ्यावरून दक्षिणेकडे पाहिलं आणि हवा बरी असली, तर सिंहगड दिसतो, त्यावरचा दूरदर्शनचा मनोराही दिसतो. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर. पावसाळा सरल्यावर एखाद्या सकाळी तिथं ट्रायपॉड लावून पाठोपाठ तीन फोटो घ्यावेत: एक नेहमीच्या प्रकाशात, एक अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत, एक अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरणांत. पहिल्यात गड निळसर, पुसट येतो. दुसऱ्यात त्याचे कडे आणि घळी वेगवेगळ्या ओळखू येतात. तिसऱ्यात गड नाहीच, खडकवासल्याच्या अलीकडेच सगळं पांढुरकं होऊन जातं. ऊन तेच, हवा तीच, बदलला तो फक्त लेन्सपुढचा फिल्टर. एरवी फोटोग्राफर ज्या हवेला शिव्या घालतो, तीच या तीन फोटोंचा खरा विषय आहे.

कारण जुनंच आहे, आकाश निळं दिसण्याचं. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात, आणि हे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने बदलतं. ३६० नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) तरंगलांबीचा अतिनील प्रकाश ७५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशापेक्षा सुमारे १९ पट जास्त विखुरतो. गडावरून निघालेला अतिनील प्रकाश वाटेतच विखरून जातो आणि मधल्या हवेत विखुरलेला भलताच प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो. अवरक्त प्रकाश मात्र बऱ्यापैकी सरळ येतो. अर्थात हिवाळी पहाटेच्या दाट धुक्यापुढे त्याचंही काही चालत नाही. धुक्याचे थेंब रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळ्याच तरंगलांबींना जवळपास सारखंच अडवतात.

यासाठी लागणारा कॅमेरा साधाच असतो, त्यात एक बदल करून घ्यावा लागतो. आपले डोळे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढंच पाहतात, पण सेन्सरमधल्या सिलिकॉनला जवळपास ११०० पर्यंतचं कळतं. ते तसंच राहू दिलं तर फोटोतले रंग बिघडतील, म्हणून सेन्सरपुढे अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. ती काढून तिथं क्वार्ट्झची पारदर्शक काच बसवली की ‘फुल स्पेक्ट्रम’ कॅमेरा तयार होतो. मग हवा तो फिल्टर लेन्सवर लावायचा. हे काम घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो टिकून राहतो. जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या.

एक गैरसमज इथंच दूर केलेला बरा. हा कॅमेरा उष्णता पाहत नाही. उष्णता दाखवणारे थर्मल कॅमेरे ८,००० ते १४,००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतात, सिलिकॉनच्या आवाक्याच्या फार पलीकडे. आपल्या फोटोतला अवरक्त प्रकाश सूर्याचाच असतो, वस्तूंवरून परतलेला.

७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावला की पहिला धक्का झाडं देतात. ती बर्फ पडल्यासारखी पांढरीशुभ्र येतात. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, हिरवा थोडा परत पाठवतं. पण ७०० च्या पुढे त्याची शोषण्याची ताकद एकदम संपते. लाल प्रकाशातला जेमतेम पाच टक्के परत पाठवणारं पान अवरक्तातला चाळीस-पन्नास टक्के परत पाठवतं. हा प्रकाश परत फिरतो तो पानाच्या आत. तिथं पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांची दाटी असते आणि दर सीमेवर किरण वळतो. खडीसाखर पारदर्शक असते, तीच कुटली की पांढरी दिसते, तसंच हे. हरितद्रव्य स्वतः चमकतं म्हणून पानं पांढरी दिसतात, असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. ते चूक आहे. ती चमक खरी असली तरी फार क्षीण असते.

अशी निसर्गचित्रं पहिल्यांदा लोकांसमोर आणली रॉबर्ट विल्यम्स वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने, १९१० साली. पानांच्या या पांढरेपणाला आजही ‘वुड इफेक्ट’ म्हणतात.

टेकडीवरच्या जुन्या खाणीतलं पाणी या फोटोत काळंभोर येतं, कारण पाणी अवरक्त प्रकाश शोषतं आणि वरचं आकाशही काळंच असतं. सावल्याही गडद पडतात. नेहमीच्या फोटोत सावलीत जो थोडाफार उजेड असतो तो आकाशाकडून आलेला असतो, आणि इथं आकाशाकडे द्यायला फारसं काही नसतं. काहीजण फोटोतल्या लाल आणि निळ्या चॅनेलची अदलाबदल करून निळं आकाश आणि गुलाबी झाडं मिळवतात. मला ते पटत नाही. ते रंग त्या झाडांत नाहीत, कृष्णधवल फोटो जास्त खरा बोलतो.

अतिनीलचं काम मात्र चिकाटीचं आहे. उन्हात हा प्रकाश आधीच कमी, त्यात आधुनिक लेन्सच्या काचा आणि त्यांच्यावरचे लेप तो गिळतात, उरलेला सेन्सरवरचे रंगफिल्टर अडवतात. एनलार्जरच्या, म्हणजे फिल्मवरून मोठे फोटो छापायच्या यंत्राच्या, काही जुन्या, कमी भिंगांच्या लेन्स इथं कामाला येतात आणि त्या स्वस्तही मिळतात. तरी भर दुपारी काही सेकंदांचं एक्स्पोजर द्यावं लागतं, वारा असला तर प्रत्येक फांदी पुसली जाते. शिवाय बरेच अतिनील फिल्टर थोडं अवरक्तही आत सोडतात. त्यामुळे अवरक्त अडवणारी दुसरी काच जोडीला लावावीच लागते, नाहीतर फोटो अतिनील म्हणून दाखवायचा आणि निघायचा अवरक्त. पांढऱ्याचा संदर्भ म्हणून साधा कागद चालत नाही, त्यातली उजळवणारी रसायनं अतिनील शोषतात. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप आठ-दहा पदरी करून फ्रेममध्ये ठेवायची. अतिनीलमध्ये इतकी चांगली पांढरी वस्तू इतक्या कमी पैशांत दुसरी मिळणार नाही.

आणि मग जे दिसतं ते विलक्षण असतं. भर उन्हातल्या कातळाची सावली फिकी पडते, कारण आता सगळं आकाशच दिव्यासारखं तळपत असतं. टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या पांढऱ्या रंगाची भिंत काळपट येते, चुन्याने सारवलेली पांढरी राहते. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, डोळ्यांना अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन भिंती इथं दिवस-रात्रीइतक्या वेगळ्या होतात. सूर्यफुलाच्या पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुंधे गडद दिसतात. ती खूण मधमाश्यांसाठी असते आणि त्यांना ती दिसते.

जमिनीवरून आपल्याला अतिनीलची एक चिंचोळी फटच मिळते. ३०० नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ सगळं ओझोन अडवतो, आपल्या लेन्स तर त्याच्याही बऱ्याच आधी थांबतात. त्या फटीपलीकडचं पाहायचं तर हवेच्या वर जायला हवं, आणि पुण्यातल्याच ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने ते केलं आहे. तिथं घडलेली ‘सूट’ ही दुर्बीण आदित्य-एल१ यानाबरोबर २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्याचे फोटो घेते.

अवरक्त फोटो पाहून पिकांची किंवा झाडांची तब्येत ओळखता येते असं म्हणतात, पण एकट्या फोटोवरून ते जमत नाही. मार्चमध्ये टेकडीवरचं वाळलेलं गवतही अवरक्तात बऱ्यापैकी उजळच दिसतं, कारण वाळल्यावर हरितद्रव्य जातं, पण आतली प्रकाश विखुरणारी रचना बरीचशी राहते. फरक पडतो तो लाल प्रकाशात. हिरवं पान लाल शोषून घेतं, वाळलेलं शोषत नाही. म्हणून दोन्ही लागतात. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. आलेला आकडा जितका एकच्या जवळ, तितकी हिरवाई दाट. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहावरही यासाठीच लाल आणि अवरक्त असे दोन्ही पट्टे होते.

हेच गणित टेकडीवर उभं राहूनही करता येतं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावलेला आहे. थंडी सरताना तो पानं गाळून गुलाबी फुलांनी भरतो, तेव्हा शेजारची इतर झाडं काय करत असतात हे महिन्यागणिक मोजून पाहण्यासारखं आहे. दर वेळी जागा तीच, सूर्याची उंची शक्यतो तीच. एक फोटो ७२० च्या फिल्टरने, दुसरा अवरक्त अडवणारी काच लावून, त्यातला फक्त लाल चॅनेल घ्यायचा. दोन्ही रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही फेरफार न केलेल्या, आणि दोन्हींच्या कोपऱ्यात तीच टेफ्लॉनची पट्टी.