पर्यावरणपूरक विद्यापीठ इमारत (बेळगाव सीमाभाग)

वीज, पाणी आणि बांधकामाचे सामान कमी लागावे, तरी वर्गात उजेड व वारा भरपूर यावा, अशा बेताने केलेली शैक्षणिक इमारतीची रचना. बेळगावला दोन राज्य विद्यापीठांची मुख्यालये आहेत : मच्छे येथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (स्थापना १९९८) आणि भुतरामहट्टीला स्थापन झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०). त्यामुळे हा विषय सीमाभागाच्या जिव्हाळ्याचा आहे.

जिल्हा एक असला तरी हवामान एक नाही. कणकुंबी-जांबोटीकडे घाटमाथ्याचा पाऊस कोसळतो, अथणीकडे काळ्या रानाचा कोरडा मुलूख लागतो. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथल्या रात्री गार असतात. जाड भिंती आणि रात्री उघडी ठेवता येतील अशी उंचावरची झरोके-जाळी एवढ्यावर उन्हाळ्याचे बरेच दिवस वातानुकूलन यंत्राविना निभतात.

रचनेचा खरा कस दिशेत लागतो. शहर सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा लागतो. उत्तर भारतातले नमुने पाहून आखलेल्या इमारतींत तो राहून जातो. पश्चिमेची भिंत सर्वांत सोसते : उन्हाळ्यात तिरपे ऊन, पावसाळ्यात वाऱ्यासह येणारी झड. तिथे जिने, स्वच्छतागृहे, भांडारगृहे ठेवावीत, वर्ग नकोत. नुसत्या काचेची पश्चिम दर्शनी बाजू या हवेत चुकीचीच ठरते, मग गच्चीवर कितीही सौर पट्ट्या बसवा. जुन्या घरांतला सोपा (ओसरी), मधला चौक आणि खाली उतरत आणलेली वळचण ऊन-झड अडवण्याचे हेच काम करीत आली आहेत.

बांधकामाच्या साहित्यात खानापूर भागातला जांभा दगड महत्त्वाचा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, चिरे सहज कापता येतात आणि हवा लागल्यावर ते टणक होतात. विटेसारखा तो भट्टीत भाजावा लागत नाही, त्यामुळे जळण वाचते. मात्र तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. जोते उंच आणि छपराचा पुढावा रुंद हवा. खानापूरच्या मातीची कौलेही याच भागातली.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १,००० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर. हंगामात १,२०० मिलिमीटर पडला आणि पाचवा भाग वाया गेला, तरी साडेनऊ लाख लिटरच्या वर पाणी हाती येते. चार महिन्यांचा हा साठा एका टाकीत मावत नाही. जादा पाणी शोषखड्ड्यांतून विहिरी-कूपनलिकांकडे वळवतात. मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी धूळ-पाचोळ्यासह बाहेर सोडावे लागते, आणि त्यासाठी मेअखेरीस पन्हळी साफ झालेल्या असाव्या लागतात.