बाउन्स की ओव्हरडब? जुना ट्रॅक नेमका पुसला कधी जातो

‘बाउन्स केला आणि माझी पेटी गेली.’ चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टिपून एकत्र वाजवणाऱ्या यंत्रावर, घरी काम करणाऱ्यांची ही तक्रार ऐकून ऐकून कान किटले. पेटी बाउन्समुळे, म्हणजे अनेक ट्रॅकचं मिश्रण एका ट्रॅकवर उतरवल्यामुळे, जात नाही, ती जाते त्याच्या मागोमाग घाईने केलेल्या ओव्हरडबमुळे. दोष मात्र दरवेळी बाउन्सच्या माथी.

ओव्हरडब सगळ्यांना ठाऊक आहे: आधीचं हेडफोनवर ऐकत रिकाम्या ट्रॅकवर नवं वाजवायचं. आधीचे ट्रॅक शाबूत राहतात, एक रिकामा ट्रॅक खर्ची पडतो. पंच-इन म्हणजे एखाद्या ट्रॅकचा फक्त चुकलेला तुकडा बदलणं, त्यात अडखळण्यासारखं काही नाही. संगणकावर तयार गाण्याची फाइल काढण्यालाही हल्ली बाउन्स म्हणतात, त्याचा इथे संबंध नाही.

आता बाउन्स. १ वर तबला, २ वर बेस, ३ वर पेटी आहे. तिन्ही वाजवत त्यांचं मिश्रण ४ वर उतरवून घेतलं, की झाला बाउन्स. यात पुसलं काय गेलं? ४ वर आधी काही असेल तर तेवढंच. तबला, बेस, पेटी जिथल्या तिथे आहेत. पेटी दबलेली वाटली तर टेप मागे घ्या, फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) थोडा वर करा, पुन्हा बाउन्स करा. हवं तितक्या वेळा करा. बाउन्सनंतर ‘तीन ट्रॅक मोकळे झाले’ असं सर्रास म्हटलं जातं, आणि घोळ तिथेच होतो. ते ट्रॅक भरलेलेच असतात. तुम्ही ३ वर गाणं ओव्हरडब करायला रेकॉर्डचं बटण दाबता, तेव्हा वेगळी पेटी संपते. मग पेटीचा आवाज तबल्याशी कायमचा बांधला गेला. कालवलेल्या भेळेतून चिंचेचं पाणी काढता येत नाही, तसंच हे.

म्हणून बाउन्स आणि पुढचा ओव्हरडब यांच्यामध्ये थांबून ऐकायलाच हवं, आणि तेही १, २, ३ चे फेडर पूर्ण खाली ओढून, एकटा ४. हे न करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण पुढची सगळी रड इथून सुरू होते. कॅसेटच्या पोर्टास्टुडिओत (टॅस्कॅम कंपनीच्या घरगुती रेकॉर्डरात) ऐकवणारं आणि रेकॉर्ड करणारं हेड एकच असतं, त्यामुळे मूळ ट्रॅक आणि त्यांचा बाउन्स एकदम जुळून वाजतात. चारही एकत्र ऐकलेत तर पेटी खणखणीत वाटेल, पण ऐकू येते ती ३ वरची. ४ वरची पेटी तबल्याखाली गाडली गेलेली असू शकते.

दुसरी खोड म्हणजे हेडफोनच्या नॉबवर बॅलन्स लावणं. बऱ्याच पोर्टास्टुडिओंवर ‘टेप क्यू’चे नॉब केवळ तुमच्या कानांसाठी असतात. टेपवर काय उतरणार ते चॅनेलचे फेडर आणि पॅन (आवाज डावी-उजवीकडे वळवणारे नॉब) ठरवतात. ४ वर पाठवायचं तर तिन्ही चॅनेलचे पॅन पूर्ण उजवीकडे हवेत.

बाउन्स आणि ओव्हरडब एकत्र केले की खरी गंमत. बाउन्स चालू असतानाच आणखी एक वाद्य थेट वाजवून त्या मिश्रणात मिसळायचं. टॅस्कॅमने १९७९ साली पोर्टास्टुडिओ १४४ आणला तेव्हापासून घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांचा हा आवडता हिशेब: तीन ट्रॅक आणि एक थेट मिळून ४ वर चार भाग, मग १, २ नव्याने भरून एका थेट वाद्यासह ३ वर तीन, मग १ आणि एक थेट मिळून २ वर दोन, शेवटी १ वर एक. चार ट्रॅकवर दहा भाग, आणि एकही भाग एकदापेक्षा जास्त वेळा बाउन्स झालेला नाही.

मात्र थेट वाजवलेल्या भागाची वेगळी प्रत कुठेच नसते. त्यात सूर घसरला तर अख्खा बाउन्स पुन्हा. म्हणून तिथे तानपुरा किंवा खंजिरीसारखं सोपं काहीतरी ठेवावं. मुख्य गळा बाउन्सबरोबर थेट घेणं मला अजिबात पटत नाही.

टेपवर आणखी एक किंमत मोजावी लागते. सारखाच हिस्स (टेपची सततची सरसर) असलेले तीन ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र केले की हिस्स सुमारे ४.८ डेसिबलने वाढतो, शिवाय प्रत्येक प्रतीत वरच्या पट्टीची धार थोडी बोथट होते. बेस आणि डग्गा हे सहज सोसतात, म्हणून ते आधी बाउन्स करा. टाळ, झांजा आणि गळा शेवटच्या ट्रॅकसाठी राखून ठेवा.

डिजिटल रेकॉर्डरवर हिस्स चढत नाही आणि धारही जात नाही, म्हणून ‘आता बाउन्सची भीती नाही’ असं बिनधास्त सांगितलं जातं. पण मूळ ट्रॅकवर ओव्हरडब करून ते जतन केलंत की बॅलन्स तिथेही तितकाच पक्का बसतो. फरक इतकाच, की तिथे ओव्हरडबच्या आधी अख्ख्या गाण्याची प्रत कार्डवर ठेवता येते. ती ठेवा, आणि मगच ३ वर हात घाला.