व्यंजनांचे शिथिलीकरण

उच्चाराच्या ओघात व्यंजनाचा मुखातील अडथळा सैल पडणे. अघोष स्पर्श (हवा पूर्ण अडवून, स्वरतंत्री न कंपवता उच्चारलेले क, त, प यांसारखे व्यंजन) घोष (कंपनासह उच्चारलेला : ग, द, ब) होतो, घोष स्पर्शाचा घर्षक (हवा अरुंद फटीतून घासत जाणारा वर्ण) किंवा अर्धस्वर (य, व) होतो आणि अखेरीस वर्णच गळतो. सर्व टप्पे प्रत्येक भाषेत आढळतातच असे नाही. दोन स्वरांमधील जागा या बदलाला सर्वांत अनुकूल असते : लॅटिन ‘वीटा’, स्पॅनिश ‘विदा’. आयरिश, वेल्श या केल्टिक भाषांत त्याला व्याकरणिक कार्यही लाभले आहे.

भारतीय आर्य भाषांतील ठळक उदाहरण महाराष्ट्री प्राकृताचे. वररुचीच्या प्राकृतप्रकाश या व्याकरणग्रंथात (काळ वादग्रस्त) ‘कगचजतदपयवां प्रायो लोपः’ (या नऊ व्यंजनांचा बहुधा लोप होतो) असे सूत्र आहे. वैयाकरण हेमचंद्राने बाराव्या शतकात जवळजवळ तेच दिले. सूची–सूई–सुई, पाद–पाअ–पाय ही रूपे त्यातूनच आली. सूत्रातला ‘प्रायः’ महत्त्वाचा, कारण प अनेकदा लोप न पावता व झाला : दीप–दीव–दिवा. द्वित्त (जोडून दोनदा आलेले) व्यंजन मात्र तगले. सर्प–सप्प–साप यात प शाबूत आहे.

स्पर्शापासून लोपापर्यंतची वाट कशी झाली, याबद्दल मतभेद आहेत. संस्कृत ‘गच्छति’चे शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतात ‘गच्छदि’, तर महाराष्ट्रीत ‘गच्छइ’ होते. अभ्यासक मनोमोहन घोष यांनी यावरून महाराष्ट्रीला शौरसेनीची उत्तरकालीन अवस्था मानले. इतर अभ्यासक तिला प्रादेशिक बोलीचा आधार देतात. घोष स्पर्श व लोप यांच्या दरम्यान घर्षक उच्चाराचा टप्पा असावा आणि ब्राह्मी लिपीत त्यासाठी चिन्ह नसल्याने तो लेखनात उमटला नसावा, हे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चतर्जी यांचे प्रतिपादन अधिक ग्राह्य वाटते. मध्य आशियातील निया येथील खरोष्ठी या प्राचीन लिपीतील लेखांत (सु. तिसरे शतक) काही अक्षरांना जोडलेल्या जादा खुणा घर्षक उच्चाराच्या निदर्शक मानल्या जातात. लिपीचे असे मौन आजही दिसते : ‘डबा’तील ड पूर्ण स्पर्श, ‘गाडी’तील ड जिभेचा निसटता फटकारा, मराठी लेखनात अक्षर एकच. हिंदीत दुसऱ्या ड खाली नुक्ता (टिंब) देतात.

जिवंत भाषेत हा बदल ध्वनिमुद्रणावरून मोजतात. ‘प्राट’ या संगणकप्रणालीत व्यंजनाची किमान तीव्रता व पुढील स्वराची कमाल तीव्रता यांतील फरक डेसिबलमध्ये काढतात. फरक जितका कमी, तितके व्यंजन शिथिल. स्पॅनिश ब, द, ग यांवर ही पद्धत विशेष वापरली गेली. तेथे ‘कान्सादो’चा बोलीभाषेत ‘कान्साओ’ही होतो. व्यंजनाचा कालावधी, स्वरतंत्रींच्या कंपनाचे प्रमाण आणि अडथळा सुटतानाच्या स्फोटाची खूण यांचीही नोंद घेतात. टाळूवर विद्युद्ग्र बसवलेली पातळ पट्टी लावून जिभेचा प्रत्यक्ष स्पर्शही टिपता येतो.

अडचण सीमेची. व्यंजन फार शिथिल झाले की स्पेक्ट्रोग्रामवर (ध्वनीच्या आलेखावर) स्वर कोठे संपला हे दिसत नाही, त्यामुळे कालावधीचा आकडा मोजणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून राहतो. तीव्रतेच्या फरकाला ही सीमा लागत नाही. मात्र आ हा स्वर मुळातच ई, ऊ यांहून तीव्र असल्याने स्वर वेगळे असलेल्या शब्दांची थेट तुलना करता येत नाही. बोलण्याच्या वेगाचाही हिशेब धरावा लागतो.