शाळेच्या मिशन ट्रिपला केनियाला जायचंय? कोण जाऊ शकतं, कुठले कागद लागतात आणि कधी सुरुवात करायची

अमेरिकेत ख्रिश्चन शाळेत मुलं असलेल्या आपल्या मराठी घरांमध्ये डिसेंबर-जानेवारी आला की हा विषय निघतोच, शाळेतून कागद येतो की जूनमध्ये १०-१२ दिवसांची मिशन ट्रिप, म्हणजे ख्रिस्ती सेवेसाठीचा प्रवास, आहे, नैरोबीला उतरून पुढे एका गावातल्या शाळेत राहायचंय, नववीच्या पुढच्या मुलांनी आणि पालक व्हॉलंटियर्सनी अर्ज करा. मुलं एकदम तयार असतात. आपण मात्र अडकतो, कारण शाळेचं माहितीपत्रक अमेरिकन पासपोर्टवाल्या घराला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एकाच घरात एकाचा इंडियन पासपोर्ट, दुसऱ्याचं ग्रीन कार्ड, धाकटा इथे जन्मलेला सिटिझन असा प्रकार असतो. मी चॅपरोन, म्हणजे मुलांबरोबर जाणारी जबाबदार मोठी व्यक्ती, म्हणून जाऊन आलेय आणि दर वर्षी चार-पाच घरांना फोनवर हेच सगळं सांगते, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतेय.

शाळेची पात्रता आधी बघू, ती सोपी आहे. शाळेप्रमाणे थोडं इकडंतिकडं होतं पण साधारण असं मागतात: मुलाचा अर्ज, त्यात त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली साक्ष (आपल्या विश्वासाबद्दलचं मनोगत), पाळकांचं (पास्टरचं) शिफारसपत्र, एका शिक्षकाचं पत्र, आई-वडिलांची लेखी परवानगी, मेडिकल फॉर्म, आणि ट्रेनिंगच्या मीटिंगांना हजर राहायची तयारी. साक्ष मुलालाच लिहू द्या हं, आपण सुंदर इंग्रजीत लिहून दिली की वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि मुलाने मोडकंतोडकं का होईना पण स्वतः लिहिलेलं असेल तर तेच त्याला तिकडे उभं राहून बोलताना उपयोगी पडतं. पाळकांचं पत्र आपल्या मराठी मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांकडून चालतं का असं बरेच जण विचारतात. मी पाहिलंय तिथे चाललंय, फक्त पत्र इंग्रजीत आणि मंडळीच्या लेटरहेडवर हवं.

मोठ्यांसाठी बॅकग्राउंड चेक असतो, बऱ्याच ठिकाणी बोटांचे ठसे द्यावे लागतात. ह्यात अपमान वाटून घेऊ नका. परक्या मुलांमध्ये जाताय, तर त्या मुलांच्या आई-बापांचा तेवढा हक्क आहेच. ट्रेनिंगमध्ये एक नियम पुन्हा पुन्हा सांगतात की कुठल्याही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, कायम दोन मोठी माणसं हवीत, तो नियम तिकडे गेल्यावर घाईगडबडीत सुटतो म्हणून आधीच अंगवळणी पडलेला बरा.

आता पासपोर्ट, खरं काम इथून सुरू होतं.

केनियाला उतरल्या दिवसापासून पुढे निदान ६ महिने पासपोर्ट चालू हवा आणि आत कोरी पानं हवीत. अमेरिकन पासपोर्ट नसलेल्या सिटिझन मुलाचा नवा काढायचा तर फॉर्म डीएस-११, तो पोस्टाने पाठवता येत नाही, प्रत्यक्ष जावं लागतं. मूल १६ वर्षांच्या आतलं असेल तर आई आणि वडील दोघांनी बरोबर जायचं, एकाला जमत नसेल तर त्याने डीएस-३०५३ भरून नोटराइज करायचा, सोबत ज्या आयडीवर नोटरी केली त्याची झेरॉक्स लावायची, आणि ती संमती ३ महिनेच चालते म्हणून फार आधी करून ठेवू नका. मूळ जन्मदाखला, त्याची झेरॉक्स, आई-वडिलांचे आयडी, २ बाय २ इंचाचा फोटो. फी १६ च्या आत १०० डॉलर अधिक ३५, त्याच्यावर १३० अधिक ३५, लवकर हवा असेल तर आणखी ६०. साध्या अर्जाला सध्या ४ ते ६ आठवडे सांगतात, त्यात पोस्टाचे दिवस धरलेले नसतात. १६ च्या आत काढलेला पासपोर्ट ५ वर्षंच चालतो, सहावीत काढलेला अकरावीत संपलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, आज रात्री उघडून बघा.

इंडियन पासपोर्ट असेल तर रिन्यूअल व्हीएफएस (भारतीय दूतावासासाठी अर्ज घेणारी कंपनी) मार्फत होतं, त्याला वेळ जास्त धरा, आणि लक्षात ठेवा की तेवढे दिवस पासपोर्ट तुमच्या हातात नसतो, त्यामुळे केनियाचा अर्जही अडतो.

एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) वाल्यांनी पुढचा भाग दोनदा वाचा

तिकडे जाणं अवघड नाही, परत अमेरिकेत येणं हा प्रश्न आहे. आय-७९७ चं अप्रूव्हल (अमेरिकन इमिग्रेशनचं मंजुरीपत्र) हातात आहे म्हणजे तुम्ही इथे राहू शकता, पण बाहेर गेलात की परत यायला पासपोर्टमधला व्हिसा स्टॅम्प चालू लागतो. कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन जुन्या स्टॅम्पवर परत येता येतं ती सवलत केनियाला लागू नाही. आणि नैरोबीतच स्टॅम्पिंग करून घेऊ असा विचार मनातही आणू नका, सप्टेंबर २०२५ पासून सूचना आहे की ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथे राहता तिथेच व्हिसाचा इंटरव्ह्यू द्यायचा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं सगळं झालं होतं, पैसे जमले होते, लशी झाल्या होत्या, मैत्रिणींबरोबर स्वाहिली गाणी पाठ झाली होती, आणि मेमध्ये कळलं की तिचा एच-४ चा स्टॅम्प दोन वर्षांपूर्वीच संपलाय. घरच्यांना आय-७९७ पुरेल असं वाटत होतं. ती पोरगी विमानतळावर बाकीच्यांना निरोप द्यायला आली होती, तो चेहरा मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर हा सगळा लेख मी तिच्यासाठीच लिहितेय.

ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग असेल, म्हणजे आय-४८५ भरलेला असेल, तर अ‍ॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात नसताना बाहेर गेलं की तो अर्ज सोडून दिला असं धरतात. चालू एच किंवा एल (कंपनीने बदली करून आणलेल्यांचा व्हिसा) स्टेटसवाल्यांना ह्यात सूट आहे, पण तरी स्टॅम्प लागतोच. चेंज ऑफ स्टेटस पेंडिंग असताना बाहेर जाणंही तसंच. इथे शाळेच्या सेक्रेटरीला विचारून उपयोग नाही, वकिलाला विचारा, त्याची फी जाईल ती जाऊ दे.

ग्रीन कार्ड हातात असेल तर मूळ कार्ड बरोबर न्यायचं. आणि मूल १४ वर्षांचं झालं की ३० दिवसांच्या आत कार्ड बदलायला अर्ज करायचा असतो, बोटांचे ठसे द्यायचे असतात, नववीतली बरीच मुलं नेमकी ह्याच वयात असतात.

केनियाची परवानगी

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए सुरू केलाय, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी. अमेरिकन असो की इंडियन, मोठा असो की तान्हं बाळ, प्रत्येकाचा वेगळा अर्ज. सरकारी फी ३० डॉलर, वर कार्डाचे थोडे जातात. पासपोर्टच्या पानाचा स्कॅन, फोटो, विमानाची जाण्या-येण्याची तिकिटं, राहायच्या ठिकाणाचा पुरावा आणि यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र एवढं तयार ठेवा. ३ कामाचे दिवस सांगतात, आपण निदान ३ आठवडे आधी भरायचा. सरकारी वेबसाइटचा पत्ता शेवटी डॉट गो डॉट केई असाच असतो, बाकी सरकारी वाटाव्या अशा कितीतरी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

येण्याचं कारण काय ह्या रकान्यात खरं लिहा. "टुरिस्ट टाकून द्या, सगळे तेच टाकतात" असं सांगणारे भेटतील. ईटीए ही भेटीची परवानगी आहे, कामाची नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी लांब राहणाऱ्यांना केनियात क्लास आय नावाचं वेगळं परमिट आहे आणि थोड्या दिवसांच्या कामासाठी स्पेशल पास असतो, तो ३ महिन्यांपर्यंतचा. आपल्या टीमच्या कार्यक्रमाला पास लागतो का हे यजमान संस्थेने तिथल्या इमिग्रेशनला विचारून शाळेला लेखी कळवायचं असतं, आणि पालक म्हणून ते पत्र बघायला मागणं ह्यात काही गैर नाही. प्रभूच्या नावाने जायचं आणि पहिल्याच फॉर्मवर खोटं लिहायचं हे मला पटत नाही. आपल्या नगरच्या मंडळ्या ज्या अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिल्या त्यातले पहिले दोघं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले तेव्हा त्यांच्याकडे कंपनी सरकारची परवानगी नव्हती, परत पाठवायचे हुकूम निघाले होते, महिनोन्‌महिने गव्हर्नरला अर्ज-विनंत्या करत बसावं लागलं. आपल्याला तर घरबसल्या फॉर्म भरायचाय.

कोणी आई-बाबा डॉक्टर असतील आणि मेडिकल कॅम्प घ्यायचा विचार असेल तर केनियाच्या डॉक्टरांच्या कौन्सिलचं तात्पुरतं लायसन्स लागतं. ते नसेल तर औषधं वाटायची नाहीत, पॅरासिटामॉलसुद्धा नाही.

लशी, आणि उन्हाळ्यात पुण्याला जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं

हिपॅटायटिस ए, टायफॉइड, मलेरियाच्या गोळ्या हे ट्रॅव्हल क्लिनिकवाले सांगतीलच. मी यलो फीव्हरबद्दल सांगते, कारण आपल्या लोकांची गाडी इथेच अडते. अमेरिकेतून सरळ केनियाला गेलं तर केनिया हे सर्टिफिकेट मागत नाही. पण आपल्यातले बरेच जण काय करतात, आलोच आहोत अर्ध्या वाटेवर तर नैरोबीहून सरळ मुंबईचं तिकीट काढतात, पोरांना महिनाभर आजीकडे ठेवतात. केनिया भारताच्या यलो फीव्हरच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि सर्टिफिकेट नसलं तर विमानतळावरच ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, पासपोर्ट इंडियन असो, अमेरिकन असो, ओसीआय असो.

लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, मग जन्मभर चालतं. ती सगळीकडे मिळत नाही, ठरलेल्या सेंटरवरच मिळते, म्हणून अपॉइंटमेंट मार्चमध्येच घ्या. ही जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) किंवा कांजण्यांची लस घ्यायची असेल तर एकाच दिवशी नाहीतर मध्ये ४ आठवडे जाऊ द्यायचे. अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणं, किंवा वय ६० च्या पुढे, ह्यांनी आधी डॉक्टरांशी नीट बोलायचं. अदिस अबाबाला विमान बदलणार असाल (इथिओपियाही यलो फीव्हरचा देश आहे) तर तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबायला लागणार नाही असं तिकीट बघा, नाहीतर केनियासुद्धा सर्टिफिकेट मागू शकतं. लंडन-फ्रँकफर्टवरून जाणाऱ्या इंडियन पासपोर्टवाल्यांनी ट्रान्झिट व्हिसाचे नियम तपासा, तिथेही चालू अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर बरंच अवलंबून असतं.

पैशाचं थोडक्यात. मुलं सपोर्ट लेटर लिहून नातेवाइकांकडून, मंडळीतून पैसे जमवतात. टॅक्समध्ये वजावट हवी तर चेक शाळेच्या नावाने हवा, आणि ते पैसे कसे वापरायचे हे शाळा ठरवते, म्हणजे तुमचं मूल ऐनवेळी गेलं नाही तर देणगी परत मिळेल असं धरू नका. देणाऱ्या काका-मावशींना हे आधीच सांगून ठेवा, नंतर नात्यात उगाच वाईटपणा येतो. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिले तर लेखी पावती लागते.

इन्शुरन्समध्ये इमर्जन्सी इव्हॅक्युएशन आहे का हे बघा, गावातून नैरोबीच्या हॉस्पिटलला विमानाने आणायची वेळ आली तर तो खर्च साध्या अमेरिकन हेल्थ इन्शुरन्समधून मिळेल असं गृहीत धरू नका.

१८ च्या आतल्या मुलाबरोबर आई-वडील जात नसतील तर दोघांचं नोटराइज केलेलं संमतिपत्र द्या, त्यात चॅपरोनचं नाव, तारखा, फ्लाइट आणि उपचाराची परवानगी लिहा, जन्मदाखल्याची कॉपी जोडा. तीन सेट करा, एक मुलाकडे, एक टीम लीडरकडे, एक घरी. अमेरिकन सिटिझन असेल तर स्टेट डिपार्टमेंटच्या स्टेपमध्ये (परदेशी जाणाऱ्या अमेरिकनांच्या नोंदणीत) नाव नोंदवा, इंडियन पासपोर्ट असेल तर भारताच्या परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर नोंद करून नैरोबीच्या भारतीय हाय कमिशनचा नंबर मुलाच्या वहीत हाताने लिहून द्या, फोनची बॅटरी संपते.

सामान भरताना प्लास्टिकच्या कॅरीबॅगा टाळा, ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे, आपली पिशवीत पिशवी घालायची सवय इथे नको. चपला-बुटांसाठी जुन्या साडीच्या कापडी पिशव्या शिवा, त्या तिथेच देऊनही येता येतात. औषधं मूळ बाटलीत, प्रिस्क्रिप्शनसकट.

एक गोष्ट फॉर्मवर नसते पण शाळेच्या मीटिंगमध्ये जरूर विचारा. जूनमध्ये अमेरिकेत सुट्टी असते, केनियात नाही, तिथे दुसरी टर्म एप्रिलअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत चालू असते. म्हणजे आपली १५ पोरं खेळ-गाणी घेऊन पोचतात तेव्हा तिथली मुलं वर्गात गणित करत असतात. मग कार्यक्रम कोणाच्या सोयीने ठरलाय? तिथल्या शिक्षकांनी दुपारचा वेळ दिलाय, शनिवार दिलाय, तर उत्तम, पण त्यांना विचारलेलंच नसेल तर आपण त्यांचा आठवडा मोडायला जातोय. तसंच फोटो. केनियात २०१९ चा डेटा संरक्षण कायदा आहे, मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, तेव्हा तिथल्या लेकरांचे फोटो काढून रात्री इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत हे मुलांना निघण्याआधी घरीच बजावा. मोठ्यांना भेटल्यावर "शिकामू" म्हणायचं, ते "मराहाबा" म्हणतात, एवढं तरी पाठ करून पाठवा.

परत आल्यावर मलेरियाच्या गोळ्या लगेच बंद करायच्या नाहीत, मॅलेरोन असेल तर पुढे ७ दिवस, डॉक्सीसायक्लिन असेल तर ४ आठवडे. आणि पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की हा केनियाला जाऊन आलाय. डॉक्टर पुण्यातला असेल तरी.