पार्श्वभूमी : ‘व्हॅन लीअर रोझ’ आणि ‘कंट्री-रॉक’ हा शब्द

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेले लोकप्रिय संगीत. त्या परंपरेतील अमेरिकी गायिका लॉरेटा लिन यांचा ‘व्हॅन लीअर रोझ’ हा अल्बम २७ एप्रिल २००४ रोजी प्रकाशित झाला, तेव्हा त्याचे वर्णन अनेकांनी ‘कंट्री-रॉक’ आणि ‘पुनरागमन’ या दोन शब्दांत केले. त्यांतला पुनरागमनाचा भाग समजायला सोपा आहे. १९९० च्या दशकाचा मोठा काळ लिन यांनी आजारी पतीच्या शुश्रूषेत घालवला, १९९६ मध्ये पती वारले, आणि २००० मध्ये आलेला त्यांचा अल्बम फारसा गाजला नाही. ‘कंट्री-रॉक’ हा शब्द मात्र इतका सरळ नाही, आणि या अल्बमभोवतीचा पुढचा बराचसा वाद त्यातूनच उद्भवला.

हा शब्द रूढ झाला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका नामांकित रॉक बँडने कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला जाऊन पेडल स्टील गिटारसह (आडवी ठेवून वाजवली जाणारी, कंट्रीची ओळख मानली जाणारी गिटार) ध्वनिमुद्रण केले, आणि त्यानंतर कॅलिफोर्नियातील तरुण वादकांची एक पिढीच त्या वाटेने गेली. म्हणजे मूळ अर्थाने कंट्री-रॉक ही रॉकवाल्यांनी कंट्रीकडे टाकलेली पावले होती. केंटकीच्या कोळसाखाणीच्या मुलखात वाढलेल्या आणि १९६० पासून हाँकी-टाँक, म्हणजे दारूच्या गुत्त्यांतून वाढलेली रांगडी कंट्री शैली, गाणाऱ्या गायिकेला तोच शब्द लावला, की त्याची दिशा उलटते आणि तिने आपले घर सोडले असा समज होतो. तसे घडलेले नाही. तेराही गाण्यांचे शब्द लिन यांचे आहेत. शीर्षकगीतात खाणकामगार वडिलांनी सांगितलेली आईची आठवण आहे, आणि पेडल स्टील व फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) दोन्ही ऐकू येतात.

बदलली ती ध्वनिमुद्रणाची रीत. निर्माता होता डेट्रॉइटचा अठ्ठावीस वर्षांचा रॉक गिटारवादक, ज्याच्या दोघांच्या बँडने २००१ मधील आपला अल्बम लिन यांना अर्पण केला होता. पूर्व नॅशव्हिलमधील एका घरात, आठ ट्रॅकच्या (फक्त आठ ध्वनी वेगवेगळे नोंदवता येणाऱ्या) यंत्रावर, सुमारे दोन आठवड्यांत काम झाले. आवाजातले ओरखडे पुसले गेले नाहीत, गिटारचा खरखरीतपणा तसाच राहिला. नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणांत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून व्हायोलिनांचा ताफा आणि मागचा कोरस यांनी जो गुळगुळीतपणा आणला होता, त्याच्या नेमके विरुद्ध हे टोक होते. माझ्या मते ज्याला ‘रॉक’ म्हटले गेले, त्याचा बराच भाग म्हणजे ही न केलेली रंगसफेदी होय.

कंट्री रेडिओने मात्र ते लेबल खरे मानले आणि अल्बमला जवळपास जागाच दिली नाही. लिन यांच्यासाठी रेडिओचा नकार नवा नव्हता : १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवरचे त्यांचे गाणे वाजवण्यास अनेक केंद्रांनी नकार दिला होता, तरीही ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता-यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तेव्हाचा आक्षेप आशयावर होता आणि केंद्रे एकेकटी निर्णय घेत होती. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली. त्यानंतर कोणती गाणी वाजवायची हे थोड्या ठिकाणी ठरू लागले, आणि सत्तरी ओलांडलेल्या गायिकेला त्या निवडीत शिरणे फार कठीण झाले. रेडिओ नसतानाही अल्बम कंट्री अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. २००५ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले, त्यांपैकी एक सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा. ज्याला कंट्री केंद्रांनी आपले मानले नाही, त्याला पुरस्कार कंट्री म्हणूनच मिळावा, ही बाब अल्बमच्या स्वरूपाविषयी बरेच सांगते.

वयाबाबतही एक दुरुस्ती आवश्यक आहे. तेराव्या वर्षी लग्न झाल्याचे लिन दीर्घकाळ सांगत आल्या, आणि त्या हिशेबाने २००४ मधले त्यांचे वय कमी धरले जाई. २०१२ मध्ये समोर आलेल्या जन्मदाखल्यानुसार त्यांचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा. म्हणजे लग्नाच्या वेळी त्या पंधरा वर्षांच्या होत्या, आणि हा अल्बम आला तेव्हा बहात्तर.

पुढचा स्टुडिओ अल्बम यायला २०१६ उजाडले. त्याच्या निर्मितीत त्यांच्या मुलीचा सहभाग होता आणि वाद्यमेळ पुन्हा पारंपरिक वळणाचा झाला. २०१७ मध्ये पक्षाघात होऊनही २०१८ आणि २०२१ मध्ये त्यांचे आणखी अल्बम आले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.