पूर्वज कैदी होता, म्हणूनच सापडतो

१९६६ साली ऑस्ट्रेलियात डॉलरचे चलन सुरू झाले. पहिल्या दहा डॉलरच्या नोटेवर फ्रान्सिस ग्रीनवे यांचा चेहरा होता. सिडनीची हाइड पार्क बॅरॅक्स उभारणारा हा वास्तुविशारद १८१४ मध्ये तिथे आला, तो इंग्लंडमधून हद्दपारीची शिक्षा भोगायला. गुन्हा होता बनावट दस्तऐवज केल्याचा. बनावट कागद करणाऱ्याचे चित्र थेट नोटेवर छापणाऱ्या या देशात तेव्हाही घरोघरी ‘आजोबांचे आजोबा खलाशी होते’ किंवा ‘पलटणीतून आले’ असेच सांगितले जात होते. जहाज कोणते आणि कशासाठी आले, हे कोणी विचारत नसे.

हद्दपारीची ही पद्धत ऑस्ट्रेलियापेक्षा बरीच जुनी. १७१८ च्या कायद्याने इंग्लंडने आपले कैदी अमेरिकेतील वसाहतींत धाडायला सुरुवात केली. सुमारे ५० हजार माणसे गेल्यावर अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि तो मार्ग बंद झाला. मग टेम्स नदीत आणि पोर्ट्समथ, प्लिमथच्या बंदरांत जुनी जहाजे नांगरून त्यांचेच तुरुंग केले. तेही तुडुंब भरले. अखेर १३ मे १७८७ रोजी आर्थर फिलिप यांच्या हुकमतीखाली ११ जहाजांचा ताफा पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या खाडीत उतरला. ती जमीन गॅडिगल लोकांची होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यामुळे आज कैदी पूर्वज शोधणाऱ्या कुटुंबाला कधी ना कधी हाही प्रश्न पडतोच, की सुटकेनंतर आपल्या माणसाला मिळालेली जमीन आधी कोणाची होती.

१८६८ पर्यंतच्या ८० वर्षांत सुमारे १ लाख ६२ हजार कैदी असे पाठवले गेले. त्यांत बायका २५ हजारांच्या आसपास. सिडनी ज्यात येते त्या न्यू साउथ वेल्सकडे जाणारी जहाजे १८४० मध्ये थांबली, आज टास्मानिया म्हणतात त्या व्हॅन डीमन्स लँडची १८५३ मध्ये. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ती १८५० मध्ये सुरू झाली, आणि तिथे फक्त पुरुष नेले. शोध घेणाऱ्याने ही तीन ठिकाणे आणि ही वर्षे आधी पाठ करावीत. पणजोबांचे वडील १८६० मध्ये सिडनीला बेड्यांत उतरले अशी कथा घरात चालत आली असेल, तर कुठेतरी चुकले आहे.

गुन्हे बहुतेक चोरीचे. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यात फाशीची शिक्षा असलेले गुन्हे २०० च्या वर होते. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल उचलला तरी फाशी. म्हणून ज्यूरीतली माणसे दया येऊन मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवत. खटल्याच्या कागदात ३९ चा आकडा दिसला, की तो बाजारभाव समजू नये. त्यात एखाद्याचा जीव वाचवलेला असण्याचीच शक्यता जास्त. शिक्षा सात वर्षे, १४ वर्षे किंवा जन्मभर. पण सात वर्षे संपली म्हणून सरकार परत आणून सोडत नसे. परतीचे भाडे ज्याचे त्याने भरायचे. ते परवडणारे थोडेच, त्यामुळे सात वर्षांची शिक्षाही बहुतेकांना जन्माची ठरली.

मेरी वेडचे प्रकरण यातले सर्वांत प्रसिद्ध. जानेवारी १७८९ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात या अकरा वर्षांच्या मुलीवर खटला चालला. तिने आणि जेन व्हायटिंगने मिळून आठ वर्षांच्या एका मुलीच्या अंगावरचे कपडे काढून घेतले होते. शिक्षा फाशीची. पुढे राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाल्यावर फाशीच्या कोठडीतील बायकांना हद्दपारीची सवलत मिळाली आणि मेरी ‘लेडी ज्युलियाना’ जहाजाने १७९० मध्ये सिडनीला पोचली. १८५९ मध्ये ती वारली तेव्हा तिचे हयात वंशज ३०० च्या पुढे गेले होते, असे सांगतात. माजी पंतप्रधान केविन रड हे तिच्याच वंशातले. तिचा खटला आज कोणालाही घरबसल्या वाचता येतो, कारण ओल्ड बेलीतील १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांचे छापील वृत्तान्त संगणकावर आले आहेत.

आणि गंमत आहे ती इथेच. आपल्याकडे कुळाची नावे शोधायला नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्या उघडतात. ऑस्ट्रेलियात ते काम तुरुंग खात्याच्या वह्यांनी केले. त्याच काळात आपल्या पैशाने आलेल्या प्रामाणिक सुताराचे बंदरावर नुसते नाव उरते, तेही नशीब असेल तर. कैद्याची मात्र उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, गाव, धंदा, धर्म, लिहिता-वाचता येते की नाही, दंडावर गोंदलेली अक्षरे, गालावरचा व्रण, सगळे टिपलेले. पळाला तर ओळखता यावा म्हणून. ज्या गरीब माणसाचे चित्र काढायला कोणी चार आणेही खर्च केले नसते, त्याचे वर्णन सरकारने स्वतःच्या गरजेपोटी जपून ठेवले. टास्मानियातील वर्तनाच्या नोंदी तर इतक्या बारीक आहेत, की दारू पिऊन कामाला उशिरा आल्याची तारीख आणि त्याबद्दलचे फटकेसुद्धा सापडतात. ऑस्ट्रेलियातील कैद्यांच्या या दप्तराला २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळाले.

यात किल्ली असते जहाजाचे नाव. जॉन स्मिथ शेकड्यांनी होते, म्हणून वसाहतीचे कारकून प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणत्या जहाजाने आला ते लिहीत, आणि सुटकेनंतरही हा शेपटा सुटत नसे. एकच जहाज अनेक फेऱ्या करी, म्हणून वर्षही हवे. जहाज आणि वर्ष हाती आले, की यादी, चांगल्या वर्तनासाठी मिळणारे ‘तिकीट ऑफ लीव्ह’ (शिक्षा संपण्याआधीच स्वतःचा कामधंदा करण्याची मुभा), शिक्षा संपल्याचा दाखला, माफीचा हुकूम अशी एकेक कडी जोडता येते. न्यू साउथ वेल्सच्या १८२८ च्या जनगणनेत प्रत्येकापुढे खुणेची अक्षरे आहेत: स्वतःहून आलेला, वसाहतीत जन्मलेला, शिक्षा भोगून सुटलेला, अजून सरकारी चाकर, म्हणजे शिक्षा चालू असलेला कैदी. अगदी शेजारच्या घरातलेही कळावे इतकी ती मोकळी आहे.

हेच पुढे लोकांना नकोसे झाले. व्हॅन डीमन्स लँडने १८५६ मध्ये नावच बदलून टाकले. २२ सप्टेंबर १८८२ च्या पहाटे सिडनीतील गार्डन पॅलेस हे भव्य प्रदर्शनगृह जळाले, त्यात १८८१ च्या जनगणनेचे कागदही गेले. आग कशी लागली याचा उलगडा कधीच झाला नाही. प्रतिष्ठित घराण्यांना आपले मूळ पुसायचे होते, अशी कुजबूज मात्र तेव्हापासून चालू आहे. मला ती फारशी पटत नाही, कारण कैद्यांच्या नोंदींच्या प्रती लंडनलाही होत्या. १९४८ पासून ब्रिटनमधील कागदांची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) घेऊन ती ऑस्ट्रेलियाला नेण्याचे मोठे काम झाले. १९६८ मध्ये पहिल्या ताफ्याच्या वंशजांनी आपली संघटना काढली, आणि १९८८ च्या द्विशताब्दीपर्यंत लपवायची गोष्ट मिरवायची झाली.

खरी अडचण येते ती उलट दिशेने, इंग्लंडकडे जाताना. तिथे जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासूनची. त्याआधीचा शोध घ्यायचा तर यादीत लिहिलेल्या गावाच्या चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही गाठावी लागते. कैद्याने सांगितलेले सगळे खरे मानता येत नाही. वसाहतीत लग्नाला गव्हर्नरची परवानगी लागे आणि आल्यावेळी ‘विवाहित’ लिहिले गेले असेल तर ती नाकारली जाई. म्हणून कित्येक जण स्वतःला विधुर सांगत. तिकडे इंग्लंडात त्याची बायको जिवंत असे, आणि गावच्या गरीबनिधीच्या हिशेबात तिच्या नावापुढे आठवड्याला काही शिलिंग मांडलेले असत. कायद्यानेही वाट ठेवली होती: जोडीदार सात वर्षे समुद्रापलीकडे असेल तर दुसरे लग्न केल्याबद्दल शिक्षा नव्हती. एकाच माणसाची दोन कुटुंबे दोन खंडांत वाढली, आणि आज त्यांचे वंशज एकमेकांना पहिल्यांदा पत्रे लिहीत आहेत.